हिरव्या गाडीचे चार क्रॉस

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं ते मला कळत नाही. जोडाक्षर आलं की पेन थांबतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, कारण अर्धापूरजवळच्या आमच्या गावात तेव्हा पाचवीचा वर्ग नव्हता, आणि केळीच्या बागेत हात कमी पडत होते. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर चुकांबद्दल माफ करावं. कुणी वाचावी म्हणून मी लिहीत नाही. चार माणसांपुढं माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहिते.

आमचं गॅरेज नांदेडच्या बाहेर, अर्धापूर रस्त्याला. पत्र्याचं शेड, आणि शेडच्या मागं दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं. हे जुन्या गाड्यांचे मिस्त्री. नव्या गाड्यांना हे हात लावत नसत. नव्या गाडीला मिस्त्री लागत नाही, फक्त बिल करणारा लागतो, असं म्हणायचे. मी सुटे भाग धुवायची. रॉकेलच्या तसराळ्यात बसून ब्रश मारायचा, पुसायचं, ओळीनं मांडायचं. माझी बोटं बारीक आहेत, त्यामुळे बारीक कामं हळूहळू माझ्याकडं आली. गिऱ्हाईक आलं की मी उठून आत जायची.

ती गाडी गेल्याच्या गेल्या वर्षी भादव्यात टेम्पोतून आली. हिरवी, बसकी, दोनच सीटांची. वरचं कापडी टप कधीच फाटून गेलेलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची आणि रेसची गाडी म्हणायची. मालक लातूरचे वकील, साठीच्या पुढचे. मी आतून ऐकत होते.

"मिस्त्री, वडिलांची गाडी आहे," वकीलसाहेब म्हणाले. "येळवसला वडील हिच्यातून शेतात जायचे. बारा वर्षं झाली, अंगणातच पुढंमागं करतो. यंदा मला जायचंय."

"येळवस तुम्हा लातूरवाल्यांची," हे म्हणाले. "मार्गशीर्षातल्या अवसेला शेतात जायचं आमच्याकडं तेवढं न्हाई. पण गाडी जाईल साहेब."

"मागून आवाज येतो. टक्क करून."

"क्रॉस गेले. चारी गेले असतील. इंजिन बी खोलावं लागंल."

वकीलसाहेबांनी पन्नास हजार आगाऊ दिले. चार क्रॉस, त्यांची मजुरी, आणि उरलेल्यातून इंजिन. कागद केला नाही. यांच्याकडं कुणी कागद करत नव्हतं.

क्रॉस म्हणजे काय ते लिहिते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या गाडीच्या मागच्या दोन चाकांना फिरवणाऱ्या दोन दांड्या असतात, एक डावी, एक उजवी. प्रत्येक दांडीच्या दोन्ही टोकांना दोन बोटांसारखा लोखंडी काटा असतो. त्या काट्यात अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा बसतो, तोच क्रॉस. खड्ड्यात चाक खालीवर झालं तरी दांडी फिरत राहते ती त्याच्यामुळं. क्रॉसच्या चारी टोकांवर टोपणासारख्या वाट्या, आणि वाटीच्या आत गोल उभ्या लावलेल्या बारीक सुया. ग्रीस वाळलं की त्या सुयांचा लाल भुगा होतो. मग गाडी उचलताना टक्क वाजतं.

दांडीसुद्धा एका तुकड्याची नसते. एक भाग दुसऱ्यात सरकतो, आत खाचा आणि दाते असतात. दोन भाग वेगळे केले तर परत त्याच दात्यावर बसवावे लागतात. म्हणून वेगळे करायच्या आधी हे दोन्ही भागांवरून मिळून गेरूची एक रेघ ओढायचे. जोडताना रेघेला रेघ लावायची. या गाडीच्या दोन्ही दांड्यांवर यांनी तशा रेघा ओढल्या, दांड्या खोलल्या, आणि भाग माझ्यापुढं आणून ठेवले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. वर्षातून त्या एका दिवशी शेडमध्ये माझं चालायचं. पाने, हातोड्या, जॅक, शिकंजा, सगळं मी रॉकेलनं आणि मग साबणानं धुतलं. गाडीच्या दांड्याही धुतल्या, कारण पूजेत तेलकट काही ठेवायचं नाही. सगळं गोणपाटावर मांडलं, झेंडूची फुलं वाहिली, आणि एकेका वस्तूवर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. यांनी नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "आज शेड मंदिरासारखं दिसून राहिलं."

दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी यांना उठता येईना. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू, सगळं गेलं. लकवा. लेथवाल्या चाचांच्या छोट्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिथं एकोणीस दिवस. वकीलसाहेबांच्या पैशातले बारा हजार क्रॉसच्या दुकानदाराला आधीच दिले होते. उरलेले अडतीस हजार आणि घरात होते तेवढे सगळे दवाखान्यात गेले. मी काऊंटरवर उभं राहून पैसे देत होते आणि पावत्या पिशवीत टाकत होते. आयाबाया जवळ येऊन म्हणायच्या, बाई, रडून घे, मोकळं वाटंल. रडू येत नव्हतं. पिशवी जड झाली एवढंच कळत होतं.

यांची वाचा गेली. तीन शब्द राहिले. हाव, न्हाई, आणि च्यायला. पहिले दोन ठीक होते. तिसरा हे आयुष्यात कधी बोलले नव्हते, गिऱ्हाईकानं पैसे बुडवले तरी नाही. आता तोच जास्त यायचा. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतं मिस्त्री?" हे म्हणाले, "च्यायला." डॉक्टर हसले. मीही हसले असेन.

दिवाळी दवाखान्यातच गेली, मग घरी आणलं. शेडच्या दारात बाज टाकली, कारण खोलीत ठेवलं की हे डोळे मिटून घ्यायचे. गाडी तशीच उभी होती, मागची बाजू लाकडी ओंडक्यांवर, पोटाखाली मोकळी. दांड्यांचे भाग गोणपाटावर, मी मांडले होते तसेच. नव्या क्रॉसचे चार खोके फळीवर.

वकीलसाहेबांचा फोन आला. यांचा फोन मी कधी उचलत नव्हते. पाचव्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"हॅलो? मिस्त्रींचं घर का? कोण आहे?"

मी म्हणाले, "मी घरून बोलते."

"ताई, मिस्त्रींचं कळलं. वाईट झालं." ते म्हणाले. "पण बघा, गाडी खोलून पडलीय. पैसेही दिलेत मी. येळवसपर्यंत तेवढे क्रॉस बसत असतील तर सांगा. नसतील तर टेम्पो पाठवतो. पैशाचं मग बसून बोलू."

पैसे नव्हते. गाडी तशीच खोललेली लातूरला गेली असती तर बाजारात एकच बोलणं झालं असतं, मिस्त्रीनं गाडी खोलली आणि पैसे खाल्ले. यांच्याबद्दल तसं कधी कुणी बोललं नव्हतं. हे बाजेवर पडून माझ्याकडं बघत होते.

"जमेल," मी फोनवर म्हणाले.

"कोण करणार?"

मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून मी दांडीजवळ बसले. हे करताना शंभरदा बघितलं होतं. आधी वाट्यांवरच्या तारेच्या कड्या काढायच्या. त्या गंजून बसल्या होत्या. रॉकेल सोडलं, खिळ्यानं टोकरलं, पकडीनं दाबलं की कडी टणकन उडायची. एक उडून यांच्या बाजेखाली गेली. "च्यायला," हे म्हणाले, आणि डावं बोट बाजेखाली दाखवलं.

मग काटा शिकंज्यात धरून हातोडीनं मारायचं, म्हणजे वाटी हळूहळू वर येते. माझा मार कमी पडत होता. त्या दुपारी लेथवाले चाचा आले. त्यांचं दुकान आमच्या पलीकडं, वय सत्तरीचं. मराठीच बोलतात, पण मधेच त्यांची भाषा येते.

"भाभी, ये क्या कर रहे?" ते दारातच थांबले. "हातोडी हाय ती, लाटणं न्हाई."

मी पदर ओढून घेतला.

"बायकांचं काम हाय का हे, मिस्त्री? सांगा की."

"हाव," हे म्हणाले.

चाचा आत आले. माझ्या हातातली हातोडी घेतली, एक मोठा पाना वाटीखाली ठेवला, आणि कुठं मारायचं ते दाखवलं. काट्याच्या कानावर, म्हणजे त्याच्या बोटावर मारायचं, वाटीवर नाही. दोन वाट्या त्यांनी काढल्या, बाकीच्या चौदा मी.

काढण्यापेक्षा बसवणं अवघड. नव्या वाटीत सुया ग्रीसनं चिकटवलेल्या असतात. वाटी आत दाबताना एखादी जरी सुई आडवी पडली तर वाटी पूर्ण बसत नाही, आणि वरची कडी खाचेत जात नाही. मग परत सगळं काढायचं. पहिल्या क्रॉसला मी तीनदा काढलं. चौथ्यांदा वाटी दाबायच्या आधी करंगळी आत घालून एकेक सुई मोजली. चोवीस. मग दाबली. कडी खाचेत बसली तो आवाज बारीकच असतो, पण यांनी बाजेवरून ऐकला आणि म्हणाले, "हाव." तेव्हापासून मी प्रत्येक वाटी मोजूनच बसवली. एका दिवशी अर्धा क्रॉस व्हायचा. मधे यांना उठवणं, धुणं, भरवणं.

चारी क्रॉस झाल्यावर दांड्या जोडायच्या राहिल्या. दोन्ही भागांवर लाल खूण होती. खुणेला खूण लावली आणि सरकवलं. यांनी मान वर करून बघितलं. लाल समोर लाल होतं. "हाव," म्हणाले. गाडीखाली आडवं होऊन आठ आठ बोल्ट मी आवळले. चाचांनी खाली वाकून पाना लावून तपासले आणि उठताना म्हणाले, "मिस्त्री, तुमची नोकरी गेली."

"च्यायला," हे म्हणाले, आणि त्या दिवशी डाव्या बाजूनं हसले.

येळवसच्या दिवशी पहाटे वकीलसाहेबांनी पाठवलेला टेम्पो गाडी घेऊन निघाला. यांच्याजवळ चाचांच्या घरची बाई बसली. गाडी देताना कुणीतरी असायला हवं म्हणून मी ड्रायव्हरशेजारी. लातुरात शिरलो तेव्हा दहा वाजले होते आणि सगळी दुकानं बंद. चहाची टपरी नाही, रिक्षा नाही. मला वाटलं कुणी मोठं माणूस गेलं असेल. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आज येळवस. अख्खं लातूर शेतात."

वकीलसाहेबांच्या घरची सगळी माणसं पुढं गेली होती. ते एकटेच फाटकात उभे. टेम्पोतून गाडी उतरवली. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, चालू केली, पुढं घेतली. टक्क वाजलं नाही.

"बसा," ते म्हणाले. "शेतातच जाऊ. जेवूनच जायचं आज."

मी म्हणाले, टेम्पोतच जाते. ड्रायव्हर मात्र कधीच निघाला होता, त्याला परतीचं भाडं मिळालं होतं. गाडीत दोनच सीट. मी परक्या माणसाशेजारी उघड्या गाडीत बसले, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. मुरुडच्या रस्त्यानं ट्रॅक्टर, जीपा, मोटारसायकली, सगळ्यांवर बायका आणि टोपल्या. सगळे वळून बघत होते. वकीलसाहेबांनी एका म्हाताऱ्याला हात केला. खूश होते.

शहर संपलं, रस्ता मोकळा झाला, गाडीनं वेग घेतला. आणि थरथर सुरू झाली. आधी पायाखाली, मग सीटमध्ये, मग समोरची काच वाजायला लागली. वकीलसाहेबांनी वेग कमी केला, थांबली. परत वाढवला, परत आली. तिसऱ्यांदा त्यांनी करून बघितलं नाही. उरलेला रस्ता बैलगाड्यांच्या मागून हळू गेलो.

शेतात कडब्याची कोप, छोटी खोपी, केली होती. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, पुढं मडक्यात आंबील. तीस-चाळीस माणसं ज्वारीत पंगत धरून बसलेली. वकीलसाहेबांच्या मुलानं लांबूनच विचारलं, "काय बाबा, पन्नास हजाराची सवारी कशी आहे?"

"वेग घेतला की हलते."

"मग बैलगाडी काय वाईट होती? ती उभी असतानाबी हलती."

लोक हसले. मला पत्रावळीवर भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर वाढली. वकीलसाहेबांची बायको आग्रह करत होती. मी खिरीत बोटं फिरवत होते.

मुलगा म्हणाला, "मिस्त्री म्हणे लई नावाजलेला. लकवा झालेल्या माणसाकडून काम करून घेतल्यावर दुसरं काय होणार?"

मी उठले. हात धुतले नव्हते. वकीलसाहेबांपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "काम यांनी नाही केलं. मी केलं."

"काय?"

"क्रॉस मी बसवले. चूक माझी हाय. यांची न्हाई."

एवढी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं होतं, असं झालं तर मी मरूनच जाईन. काही झालं नाही. बोटांना खीर चिकटली होती तेवढंच जाणवत होतं.

वकीलसाहेब म्हणाले, "ठीक आहे. पुण्याच्या एका माणसाला दाखवतो. आपला हिशेब नंतर करू." त्यांनी कुणाला तरी सांगून मला लातूरच्या स्टँडवर सोडलं.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाजेजवळ बसून मी यांना सांगितलं. आवाज नाही. हळू चालवली तर काही नाही. पन्नासच्या पुढं हलते. सगळी हलते.

यांनी डोळे मिटले. मग डाव्या हातानं माझा एक हात ओढला आणि त्याची दोन बोटं काट्यासारखी उभी केली. मग दुसरा हात, त्याचीही दोन बोटं. एक हात थोडा पिळला. "न्हाई," म्हणाले. परत सरळ केला, चारी बोटं एका ओळीत आणली. "हाव."

दोन टोकांचे काटे एका ओळीत हवेत. माझे नव्हते. दात्यांचा फरक पडला होता.

"पण खुणेला खूण लावली होती," मी म्हणाले. "तुम्ही पण बघितलं."

मी शेडमध्ये गेले. गोणपाटावरचा शिकंजा बघितला. त्यावर लाल बोट होतं. हातोडीवर होतं. जॅकवर होतं. गेरूची रेघ मी खंडेनवमीला साबणानं धुऊन टाकली होती, आणि वर कुंकू लावलं होतं. दांड्यांच्या चारी भागांवर, हात जाईल तिथं. दोन महिन्यांनी मी माझंच कुंकू यांची खूण समजले. यांनाही बाजेवरून लाल तेवढं दिसलं.

सांगितल्यावर हे म्हणाले, "च्यायला." या वेळी शब्द बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं लातूरला गेले. पिशवीत चार पाने, पकड, ग्रीसची डबी. फाटकात मुलगाच भेटला.

"आता काय राहिलं?"

"दोन तास द्या," मी म्हणाले.

"पुण्याहून माणूस येणार आहे शनिवारी. तुम्ही हात लावू नका."

आतून त्याची आई आली. "लावू दे की रे. पुण्याच्या माणसाला काय चार हात असतात?" आणि मला म्हणाली, "या बाई. चहा ठेवते."

गाडीतलाच जॅक लावला, खाली ओंडके दिले. अंगणात आडवं होऊन बोल्ट सोडले, दांड्या बाहेर काढल्या. फरशीवर ठेवून एका टोकाचा काटा सपाट केला आणि दुसऱ्या टोकाचा बघितला. तो थोडा तिरका उभा राहिला. एवढासाच, डोळ्याला चटकन दिसायचा नाही. भाग ओढून वेगळे केले, एक दाता फिरवून बघितला, मग दुसरा. दुसऱ्यावर दोन्ही काटे फरशीला सारखे टेकले. दुसऱ्या दांडीला एकच दाता फिरवावा लागला. वकीलसाहेबांची बायको स्टूल टाकून बसली होती.

"कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

"बघून."

"आमचे हे पण रोज बघतात. यांना टायरसुद्धा बदलता येत नाही."

दुपारी वकीलसाहेब कोर्टातून आले. मला शेजारी बसवून परत त्याच रस्त्यानं नेलं. चाळीस, पन्नास, साठ, सत्तर. काच गप्प होती. समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते. मी ते मोजत होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

"गेलं," ते म्हणाले.

"हाव."

घरी आल्यावर त्यांनी खुर्चीत बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. ते म्हणाले, "क्रॉसचे बारा. तुमची मजुरी आठ धरतो. इंजिन आता मिस्त्रींकडून होणार नाही, ते मी दुसरीकडं करून घेतो. म्हणजे तीस राहतात." चष्मा काढून म्हणाले, "लगेच मागत नाही. जमेल तसे द्या."

मी मान हलवली. शनिवारी पुण्याचा माणूस आलाच नाही, त्यांनी त्याला नको म्हणून कळवलं होतं, असं नंतर कळलं.

तीस हजार कुठून आणायचे हे मला माहीत नव्हतं. रस्ता चाचांनी काढला. त्यांच्या लेथवर ट्रॅक्टरच्या आणि जीपच्या दांड्या यायच्या. ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, क्रॉस बसवायचा असंल तर पलीकडं द्या, तिथं सुया मोजून बसवतात. सुरुवातीला माणसं दारात येऊन विचारायची, मिस्त्री कुठंत? मी बाजेकडं बोट करायची. हे म्हणायचे, "हाव." दांडी तिथंच ठेवून माणसं जायची आणि संध्याकाळी न्यायची. एका क्रॉसचे अडीचशे. धर्माबादहून एक धान्याच्या गाड्यांचा मालक यायला लागला, तो एका वेळी तीन-चार दांड्या टाकायचा. त्यानं पहिल्यांदा वाट्या हलवून बघितल्या आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही बोलत न्हाई ते बरंय. आमच्या मिस्त्रीचं तोंड चालतं आन् हात थांबतो."

घर चालवून उरतील ते मी लातूरला पोचवायची. फोनवरून पैसे पाठवता येतात असं सगळे म्हणायचे. मला ते जमत नाही आणि भीतीही वाटते. दर दीड-दोन महिन्यांनी एसटीनं जायची. कधी चार हजार, कधी तीन. वकीलसाहेब घ्यायचे, त्यांची बायको चहा द्यायची, मी परतीची गाडी धरायची.

श्रावणात एका सकाळी मी यांना चहा पाजत होते. बशी तोंडाला लावली तर चहा आत गेला नाही, हनुवटीवरून खाली आला. मी पुसला, परत बशी लावली. तेव्हा कळलं. तेव्हा दहा हजार राहिले होते.

माणसं आली, गेली. चौदावा झाला. पंधराव्या दिवशी एक ट्रॅक्टरवाला दारात येऊन नुसता उभा राहिला, काही बोलेना. त्याची दांडी आधीपासून माझ्याकडं पडून होती आणि त्याची पेरलेली जमीन कोळपायची राहिली होती. मी बसले आणि क्रॉस बसवला. चोवीस, चोवीस, चोवीस, चोवीस. दारातली बाज तशीच होती. कडी खाचेत बसली. कुणी काही म्हणालं नाही. मी ती परत एकदा दाबून बघितली, बसली होती.

वकीलसाहेबांचा फोन आला. "ताई, कळलं. ते दहा आता राहू द्या."

"न्हाई साहेब."

"अहो, मी मागत नाहीये."

"हाव. पण न्हाई."

ते म्हणाले, "बरं."

मी न्हाई का म्हणाले ते मला सांगता येत नाही. लोक म्हणतात, नवऱ्याच्या नावासाठी केलं. असेल. तेव्हा मी नावाचा विचार करत नव्हते. घरात सगळं थांबलं होतं, आणि एक हे काम तेवढं अर्धवट होतं. अर्धवट काम शेडमध्ये ठेवायची यांना सवय नव्हती, आणि मलाही राहिली नव्हती.

त्या पावसात कामं कमी आली. भाद्रपदात दोन हजार दिले. दसऱ्यानंतर तीन. मग धर्माबादवाल्यानं एकदम सहा दांड्या टाकल्या. हरभऱ्याच्या पेरण्या चालू होत्या, ट्रॅक्टरही येत राहिले. दिवाळीनंतरच्या सोमवारी उरलेले पाच हजार रुमालात बांधून मी लातूरला गेले.

वकीलसाहेब घरीच होते. हिरवी गाडी अंगणात कापडाखाली झाकलेली होती. मी पैसे टेबलावर ठेवले. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत, तसेच कप्प्यात ठेवायला लागले.

"मोजा," मी म्हणाले.

त्यांनी मोजले. मग ते म्हणाले, "मिस्त्रींनी कागद केला नव्हता माझ्याशी. मीही मागितला नव्हता."

"हाव. पण आता द्या."

ते हसले नाहीत. चष्मा लावला, कागद काढला आणि सावकाश, मला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली सही केली. त्यांच्या बायकोनं चहा आणला, तो मी घेतला. मग स्टँडवर आले. नांदेडची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसून मी कागद उघडला आणि एकेक अक्षर लावत वाचला. त्यावर लिहिलं होतं, तीस हजार रुपये पूर्ण मिळाले, आता काही येणे नाही.